झिंक ऑक्साइडचं मलम: बाळाच्या लाल झालेल्या बुडासाठी कोणतं घ्यावं, कसं लावावं

डायपर रॅशवरच्या चार-पाच ट्यूब उलट्या करून मागचा बारीक मजकूर वाचला की पुढच्या बाजूचे दावे आपोआप मागे पडतात. बहुतेकींत काम करणारा घटक एकच असतो: झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताची पांढरी, पाण्यात न विरघळणारी भुकटी. ती किती टक्के आहे आणि कशात कालवली आहे, यावर मलमाचा गुण ठरतो. नाव, रंग, ‘सौम्य’ हा शब्द, यांनी चुरचुरणाऱ्या कातडीला काही फरक पडत नाही. सुवासाने पडतो, पण तो वाईटच.

आमचं मत आधीच सांगतो. बूड लालभडक झालंय, पुसताना बाळ कळवळतंय, कुठेकुठे साल निघालीय, तर ४० टक्क्यांची घट्ट पेस्ट घ्या. नुसती गुलाबी झाक असेल किंवा रात्रभर एकच डायपर राहणार म्हणून काळजी घ्यायची असेल, तर १० ते २० टक्क्यांचं मलम पुरतं, आणि पुष्कळदा साधी पेट्रोलियम जेलीही. मात्र टक्केवारीपेक्षा मोठा फरक लावण्याच्या पद्धतीने पडतो. उत्तम पेस्ट पातळ लावली आणि दर वेळी घासून काढली, तर ती हलक्या मलमापेक्षाही वाईट ठरते, कारण लाली मलमाने नाही तर घासण्याने वाढत राहते.

लाली येते कशी हे कळलं की मलमाकडून काय मागायचं तेही कळतं. डायपरच्या आत कातडी तासन्‌तास ओली असते. ओली कातडी फुगते, मऊ पडते आणि कडेच्या नुसत्या घर्षणानेही सोलवटते. त्यात शू आणि शी एकत्र आली की शीतले जिवाणू शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास. अमोनियाने तो वर चढतो आणि मग शीमधली विकरं (एन्झाइम), जी प्रथिनं व चरबी तोडतात, जोरात काम करू लागतात. आतड्यात जे काम ती अन्नावर करतात, तेच बाहेर कातडीवर करतात. जुलाब लागले की एका दिवसात बूड सोलवटतं ते याच कारणाने. पातळ शी वारंवार होते, घड्याघड्यांत पसरते आणि ही विकरं सोबत घेऊन येते.

झिंक ऑक्साइड या साखळीतलं काही उलटवत नाही. त्याला थोडा स्तंभक गुण आहे, झरणारा ओलावा ते जरासा आवरतं, पण त्याचं खरं काम आडोशाचं. कातडी स्वतःच भरून येते, तिला तेवढा वेळ शू-शीपासून दूर ठेवायचं. म्हणून या मलमाला एकच प्रश्न विचारायचा: पुढचा डायपर उघडेपर्यंत तू जागेवर राहतोस का?

पेस्ट, ऑइंटमेंट आणि क्रीम

हे तिन्ही शब्द वेष्टनांवर सर्रास अदलाबदल करून छापलेले दिसतात, त्यामुळे नावापेक्षा बोटाला काय लागतं ते पाहा. ऑइंटमेंट म्हणजे पेट्रोलियम जेलीसारख्या स्निग्ध पदार्थात मिसळलेली थोडी भुकटी. ते गुळगुळीत पसरतं. पेस्टमध्ये भुकटी इतकी असते की ती बोटाला ओढ देते, पसरवायला जड जाते. क्रीममध्ये तेलाबरोबर पाणीही असतं, म्हणून ते हलकं, थंड वाटतं आणि पटकन मुरतं. मोठ्यांना हाताला लावायला क्रीम बरं वाटतं. बाळाच्या बुडासाठी नेमका तोच दोष आहे, कारण आपल्याला मुरणारं काही नकोच आहे.

भुकटी जास्त असल्याचा फायदा दुहेरी. एक तर ती थोडा ओलावा धरते. दुसरं म्हणजे स्निग्ध पदार्थाला घट्टपणा देते, त्यामुळे अंगाच्या उबेने तो पातळ होऊन डायपरला लागून जात नाही. बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ ऑस्कर लासार यांच्या नावाने ओळखली जाणारी १९व्या शतकातली पेस्ट याच हिशेबावर उभी आहे: २५ टक्के झिंक ऑक्साइड, २५ टक्के स्टार्च, ५० टक्के पेट्रोलियम जेली. अर्धी भुकटी, अर्धा चिकट भाग. आजही या रचनेत बदल करावा असं फारसं काही नाही. एक सावधानता मात्र हवीच. लासारच्या नावाने मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये २ टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. ते जाड, खपल्या धरणाऱ्या कातडीसाठी आहे. बाळाच्या सोललेल्या बुडावर ते लावायचं नाही.

घरी आणलेलं मलम टिकाऊ आहे का, हे तपासायला मिनिटभर पुरे. हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढं घेऊन जाडसर पसरा आणि नळाखाली साध्या पाण्याची बारीक धार त्यावर सोडा. पाणी थेंब होऊन घरंगळलं आणि थर जागच्या जागी राहिला, तर मलम कामाचं. पाणी दुधाळ होऊन वाहू लागलं, तर ते पाण्यात मिसळणारं क्रीम आहे आणि पहिल्या शूलाच निघून जाईल. अशा क्रीमवर ४० चा आकडा छापला असला, तरी आम्ही २० टक्क्यांचं चिकट ऑइंटमेंट निवडू.

लावायची रीत

आधी स्वच्छता, आणि इथेच निम्मा खेळ होतो. हात धुवा. डायपरच्या कोरड्या कडेने शी पुढून मागे अलगद टिपून घ्या. मग कोमट पाणी. कातडी सोललेली असेल तर कापूस किंवा कापडसुद्धा घासतं, तेव्हा पिळता येणाऱ्या बाटलीने धार सोडणं किंवा पसरट भांड्यातल्या कोमट पाण्यात बूड पाच-सात मिनिटं बुडवून ठेवणं सगळ्यात सुखाचं. बाळावरचा हात काढायचा नाही, हे सांगायला नकोच. साबण दर वेळी नको. दिवसातून एकदा, बिनवासाचा आणि सौम्य असला तर चालतो. नुसती शू असेल तर पाण्याने धुऊन टिपलं तरी भागतं.

मग कोरडं करणं. टॉवेल दाबून धरायचा, ओढायचा नाही. घड्या बोटाने हलकेच उघडून आतलाही ओलावा टिपायचा. केस वाळवायचं यंत्र वापरू नका. गरम झोत नाजूक कातडीला भाजू शकतो. त्याऐवजी खाली जुना टॉवेल अंथरून बाळाला दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा असं जमलं, तर मलम कमी लागतं. पेस्ट ओल्या कातडीला धरत नाही. ‘लावलं की घसरतं’ ही तक्रार जिथे येते, तिथे बहुधा ही पायरी गाळलेली असते.

आता थर. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चोळायच्या औषधात तेवढ्याने दोन तळव्यांएवढी जागा होते. इथे चोळायचं नसून थापायचं आहे, म्हणून सहा महिन्यांच्या बाळाच्या बुडाला पहिल्या वेळी अशा तीन-चार पट्ट्या लागतात. भिंतीला गिलावा करतात तसा थर द्या: खालची लाली दिसेनाशी व्हायला हवी. शीच्या जागेभोवती, कुल्ल्यांच्या फुगीर भागावर आणि जांघेच्या आतल्या बाजूला जास्त जाड. घड्यांच्या खोल कोपऱ्यांत बेताचा. मुलींमध्ये आतल्या नाजूक भागात मलम भरायचं नाही, फक्त बाहेरच्या कातडीला लावायचं. मुलांमध्ये पुढची कातडी मागे ओढायची नाही.

पुढचा डायपर उघडल्यावर जे करायचं ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त चुकतं. थराला लागलेली घाण तेवढी काढायची. खालचा पांढरा थर स्वच्छ असेल तर त्याला हात लावायचा नाही. जिथे तो विरळ झाला तिथे वरून नवा द्यायचा. पांढरं दिसतंय म्हणजे अस्वच्छ आहे असं वाटून ते घासत बसलं, की मलमाबरोबर नुकतीच धरलेली कोवळी साल निघते. दिवसातून एकदा, अंघोळीच्या वेळी, सगळं काढायचं असेल तर कापसावर बिनवासाचं खनिज तेल घेऊन थर आधी सैल करा आणि मग टिपून घ्या. पाण्याने पेस्ट निघत नाही, आणि निघत नाही म्हणूनच ती घेतली आहे.

खर्चाचा हिशेबही यातूनच निघतो. पहिल्या थराला दीड-दोन ग्रॅम, नंतर दर वेळी त्याच्या निम्मं, आणि दिवसाला आठ वेळा बदल, म्हणजे दिवसाला साधारण सात ते नऊ ग्रॅम. रॅश ऐन जोरात असताना ५० ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपली तर ते योग्य प्रमाण आहे. तीच ट्यूब रॅश असताना दोन महिने पुरत असेल, तर थर पातळ पडतोय.

डायपर एका मापाने मोठा घ्या किंवा कडा सैल बांधा. हवा खेळली पाहिजे. दर दोन-तीन तासांनी बदल, शी झाल्यावर लगेच, आणि रॅश असेपर्यंत रात्रीही एकदा. कोणतंही मलम सहा तासांच्या ओल्या डायपरला पुरून उरत नाही.

जिथे हे मलम उपयोगाचं नाही

साधी रॅश फुगीर भागांवर असते, जिथे डायपर टेकतो, आणि घड्यांचे तळ बहुधा वाचलेले असतात. लाली घड्यांतच जास्त असेल, रंग गडद तांबडा असेल आणि कडेबाहेर सुट्या लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतील, तर ती कँडिडा नावाची बुरशी समजावी. प्रतिजैविकांच्या औषधानंतर किंवा रॅश तीन दिवसांहून जास्त रेंगाळली की ती पुष्कळदा शिरते. सावळ्या रंगाच्या कातडीवर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, म्हणून रंगापेक्षा घड्या आणि पुटकुळ्या पाहाव्यात. झिंक ऑक्साइडने बुरशी मरत नाही. डॉक्टर क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा निस्टॅटिन देतील. ते आधी पातळ लावायचं, काही मिनिटं मुरू द्यायचं आणि झिंकचा थर वरून. क्रम उलटा केला तर औषध पांढऱ्या थरावरच राहतं, कातडीपर्यंत पोचतच नाही.

घामोळ्यांवर पेस्ट लावू नये. तिथे घामाच्या नलिका तुंबलेल्या असतात; वरून आणखी झाकण घातलं की त्रास वाढतो. सैल सुती कपडे, थंड हवा, हवं तर कॅलामाइन लोशन. लाळेने हनुवटी लाल झाली असेल तर पेट्रोलियम जेली बरी, कारण तोंडाजवळ लावलेलं थोडं पोटात जाणारच आणि झिंकची पेस्ट गिळली तर मळमळ किंवा उलटी होऊ शकते. कोपर-गुडघ्यांच्या वळणात कोरडे, खाजरे, खरखरीत चट्टे असतील तर तो एक्झिमा असू शकतो. त्याला ओलावा धरून ठेवणारं मलम हवं, अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, भरपूर. कोरड्या चट्ट्यांना झिंकची पेस्ट आणखी कोरडं करते.

अशा कोरड्या खाजेसाठी कोलॉइडल ओटमीलची अंघोळ मात्र आम्हाला मनापासून आवडते. ओट्स इतके बारीक दळलेले असतात की ते पाण्यात तरंगत राहतात. चमचाभर पूड पेलाभर पाण्यात ढवळून पाहा. पाणी दुधासारखं झालं आणि स्पर्शाला बुळबुळीत लागलं तर दळण योग्य. तळाशी गाळ बसला तर नाही. दहा-पंधरा मिनिटं, कोमट पाणी, आणि नंतर टिपून लगेच मॉइश्चरायझर. टब विलक्षण निसरडा होतो, तेवढं सांभाळा. सोललेल्या बुडावर या अंघोळीने आराम वाटतो, पण आडोसा मिळत नाही. पेस्ट त्यानंतर लावावीच लागते.

डेक्सपँथेनॉल (ब५ जीवनसत्त्वाचं एक रूप) ५ टक्के असलेली मलमंही याच फळीवर ठेवलेली असतात. सौम्य लालीसाठी चांगली आहेत, पारदर्शक असल्याने खालची कातडी दिसत राहते, कपड्यांनाही पांढरे डाग पडत नाहीत. जुलाबाच्या दिवसांत मात्र पातळ पडतात. टाल्कम पावडरीला आमचा साफ नकार. तिचा उडणारा कण बाळाच्या फुफ्फुसात जातो, आणि ओल्या घडीत ती गोळ्या होऊन घासते.

लेबलवर काय नको

घटकांची यादी जितकी आखूड तितकं बरं. सुवास, बाल्सम ऑफ पेरू (एका झाडाचा सुगंधी चीक) आणि निओमायसिन (एक प्रतिजैविक) या तिन्हींची अॅलर्जी होते, आणि सोललेल्या कातडीतून ती लवकर जडते. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ, बहुतेकांना चालतं; एक्झिमाच्या मुलांनी जपून. बोरिक आम्ल, कापूर, फिनॉल किंवा बेंझोकेन असलेलं काहीही बाळाच्या बुडाला नको, कारण हे पदार्थ कातडीतून शरीरात शोषले जातात आणि लहान शरीराला विषारी ठरू शकतात. मलम निर्दोष असूनही लाली हटत नसेल तर ओले वाइप्स तपासा. त्यांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक आहे का पाहा. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्यालाच ‘वर्षातलं अॅलर्जीकारक’ ठरवलं होतं. आठवडाभर नुसतं पाणी आणि मऊ कापड वापरलं की खरं-खोटं कळतं.

सगळ्यात धोकादायक असते ती मोठ्यांसाठी आणलेली खाजेची ट्यूब, जिच्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक तिन्ही एकत्र असतात. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखं तीव्र स्टेरॉइड डायपरखाली लावलं की बंदिस्त, ओल्या जागेमुळे ते कितीतरी जास्त शोषलं जातं. दोन दिवसांत लाली ओसरते, म्हणून ते पुन्हापुन्हा लावलं जातं, आणि कातडी कागदासारखी पातळ होत जाते. औषध अंगात गेल्याचे परिणाम वेगळेच. स्टेरॉइडची गरज पडलीच तर ते १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, थोडेच दिवस, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

नीट लावलेल्या पेस्टने दोन-तीन दिवसांत उतार दिसायला हवा. नाही दिसला तर दाखवा. ताप, पू, पाण्याचे फोड, पिवळ्या खपल्या, रक्त, किंवा बाळ अगदी नवजात असेल तर थांबूच नका. शीच्या जागेभोवती रेखीव कडेचं लालभडक वर्तुळ आणि शी करताना दुखणं हे स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचं लक्षण असू शकतं. त्याला पोटातून औषध लागतं. बुडाबरोबर तोंडाभोवती आणि हातापायांवरही तशीच सालटी निघत असतील तर शरीरात जस्तच कमी पडतंय का, हे तपासावं लागतं, आणि ते वरून जस्ताचं मलम लावून भरून निघत नाही. दवाखान्यात जायच्या आधी तेलाने पेस्ट काढून ठेवा. पांढऱ्या थराखालचं काहीच दिसत नाही, आणि तिथे घाईत पुसताना बाळाला उगाच दुखतं.

कापडी लंगोट वापरणाऱ्यांसाठी ही पेस्ट त्रासाची आहे. ती कापडात बसते आणि मग कापड पाणीच शोषत नाही. आत पातळ टाकाऊ अस्तर घाला, डाग पडल्यास धुण्याआधी भांडी घासायचा द्रव साबण चोळा आणि गरम पाण्यात धुवा. कपडे मऊ करणारं द्रावण टाळा. पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिन मुरलेलं कापड लवकर पेट घेतं आणि धुऊनही ते पूर्ण निघत नाही, म्हणून असे टॉवेल, दुपटी शेगडी, दिवा, हीटर यांपासून लांब ठेवा.

घेताना डबीपेक्षा ट्यूब घ्या. डबीत शीचा हात परत परत जातो. मोठी डबीच परवडत असेल तर दर वेळी लागेल तेवढं स्वच्छ चमच्याने आधीच बाजूला काढा. उष्णतेने वर तेल सुटलेलं दिसलं तर ट्यूब बंद ठेवूनच मळून घ्या. मिसळल्यावरही खडे लागले तर ती टाकून द्या, कारण खडे घासतात. वेष्टनावर उघडलेल्या डबीच्या छोट्या चित्रात जो आकडा असतो, तितके महिने मलम उघडल्यानंतर चांगलं राहतं. उघडल्याची तारीख पेनने ट्यूबवरच लिहून ठेवा.